पुठ्ठ्यातली राजकन्या

अष्टपुत्रे साहेबांनी माझ्याशी आयुष्यात एकदाही घासाघीस केली नाही, आणि मला त्यांचा पहिला राग आला तो त्यामुळेच.

माझं रद्दीचं दुकान कासारवाडीत, रेल्वे स्टेशनच्या अंगाला. हातगाडीपासून सुरुवात केली, आता दोन टेम्पो आहेत. पाटीवर माझं नाव हातभर अक्षरात आहे: बशीर मुलाणी. रंगाऱ्याला मी ते तीनदा पुसायला लावलं होतं, कारण अक्षर मला बारीक वाटत होतं. भावाच्या बाबतीत मी कुणाला सोडत नाही आणि कुणी मला न भांडता सोडलं तर मला झोंबतं. समोरचा मला कमी लेखतोय असं वाटतं.

त्या दुपारी मी जुन्या वह्यांचे पुठ्ठे सोलत बसलो होतो. आमच्या धंद्यात पान वेगळं आणि पुठ्ठा वेगळा. कापड, दोरा, खळ सगळं सोलून काढल्याशिवाय पांढऱ्या कागदाला कुणी विचारत नाही. पुठ्ठे चाकणकडच्या मिलला जातात. तिथे त्यांचा लगदा होतो, लगद्याचे खोके होतात, आणि आमच्याच पट्ट्यातल्या कंपन्यांचे सुटे भाग त्या खोक्यांत बसून गावोगाव जातात.

एक उंच, वाळका माणूस दारात उभा राहिला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली, आणि तिसरं काहीतरी चकचकीत. नंतर कळलं की ते मायक्रोमीटर, केसाची जाडी मोजायचं यंत्र. चाळीस वर्षं एका कंपनीत तपासनीस होते. निवृत्त झाले तरी ते यंत्र खिशातून निघालं नाही.

"हे पुठ्ठे विकता?"

"पानं बघा की साहेब. पुठ्ठ्यात काय आहे?"

"पानं नकोत."

मी असा भाव सांगितला की सांगताना मलाच कसंतरी झालं. ते म्हणाले, "बरं."

दोन दिवस ते 'बरं' माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या खेपेला मी भाव दुप्पट केला. "बरं." तिसऱ्या वेळी मी पिशवीच धरून ठेवली.

"आधी सांगा, यात काय आहे? सोनं आहे?"

त्यांनी हातातले पैसे परत खिशात घातले. मग म्हणाले, "आहे. चला, दाखवतो."

संत तुकाराम नगरात तिसऱ्या मजल्यावर घर. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे कोण आणखी?"

"पुठ्ठेवाले."

"या, बसा. पण गॅलरीत कशाला हात लावू नका हं भाऊ. माझ्या साड्या न्हाणीघरात वाळतात आणि यांच्या राण्या गॅलरीत."

मी गॅलरीत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबलो. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चार दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी पानं लावली होती. जुनी, पिवळी, ओलसर. दुपारचं ऊन पलीकडून येत होतं, त्यामुळे अक्षरं उलटी दिसत होती, जणू कागदाच्या आत कुणी बसून लिहितंय. लांब मेट्रो गेली. सगळी पानं एकदम थरथरली आणि पुन्हा शांत झाली.

साहेबांनी माझा एक पुठ्ठा कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडला आणि तो बुडेपर्यंत समजावलं. जुन्या काळी, म्हणजे आपल्याकडे छापखाने नुकते आले तेव्हा, बांधणी करणाऱ्याला जाड पुठ्ठा विकत मिळत नसे. तो छापखान्यातले वाया गेलेले कागद आणायचा, एकावर एक खळीने चिकटवायचा, वर कापड लावायचा. झाला पुठ्ठा. बाहेरून कुणाची तरी वही, आत भलत्याच पुस्तकाची पानं.

"आणि शाई? ती विरघळत नाही?"

"शिळाछापाची आहे. दगडावर तेलकट शाईने लिहायचे आणि त्याचा ठसा घ्यायचे. पाणी तिचं काही करत नाही." मग म्हणाले, "तुमची मिलच करते."

थोड्या वेळाने पुठ्ठा पाण्यात फुलला. साहेबांनी नखाने एक पदर सोडवला, मग दुसरा. तिसऱ्या पदरावर अक्षरं होती. मी इतकी वर्षं असे पुठ्ठे गोणीच्या गोणी भरून पाठवले होते. खाली बसलो. काकूंनी न विचारता चहा आणून ठेवला.

त्या दिवसापासून पुठ्ठे मी त्यांना तसेच देऊ लागलो. अट एकच घातली, की पाण्यात घालताना मला बोलवायचं.

त्या चार दोऱ्या म्हणजे साहेबांचं सगळं शास्त्र. भिंतीजवळची पहिली दोरी नीतीची. तिच्यावर कोल्हे, कावळे, आळशी मुलं. गोष्ट पाच ओळींची आणि खाली तात्पर्य. दुसरी दोरी ज्ञानाची आणि प्रवासाची. वाफ कशी होते, धूमकेतू कुठून येतो, कुणी गृहस्थ आगबोटीत बसले तर त्यांना काय काय दिसलं. तिसरीवर संवाद. दोन माणसं बोलत बसलेली, मुलींना शिकवावं की नाही, आगगाडीत बसल्याने धर्म बुडतो की नाही. चौथी दोरी अद्भुताची. राजे, दुष्ट प्रधान, बोलणारे पक्षी, वेषांतर, आणि दर दोन पानांनी मूर्च्छा.

"एवढे प्रकार कशाला?" मी एकदा विचारलं.

"छापखाना नवा होता, बशीरशेठ. नवीन मशीन आल्यावर आपण नाही का, त्यावर जे मिळेल ते चढवून बघतो? पोवाडा चढवून बघितला, बखर चढवून बघितली, इंग्रजीतलं मराठीत करून बघितलं. गोष्ट कशी सांगायची हे त्यांचंच ठरायचं होतं. काही माल चांगला निघाला. काही रिवर्कला गेला."

'रिवर्क', म्हणजे पुन्हा करून आणा, हा त्यांचा कंपनीतला शब्द. कशालाही रिजेक्ट म्हणायचे नाहीत. काकूंचा चहा पांचट झाला की घोट घेऊन म्हणायचे, "रिवर्क." चांगला झाला की "पास." शेजारच्यांचा जावई, नगरसेवकाचं भाषण, माझा राग, सगळ्यालाच हे दोन शिक्के. माझ्या रागाला पास कधी मिळालं नाही.

माझं त्या तिसऱ्या दोरीशी जमत नसे. ते संवाद वाचून दाखवायचे आणि मी चिडायचो.

"साहेब, हा दुसरा माणूस भांडत का नाही? नुसता 'खरें आहे, खरें आहे' करतोय."

"तेव्हाचे संवाद असेच. दुसऱ्याला पटवून घ्यायलाच बसवलेलं असतं."

"त्याला माझ्या दुकानात पाठवा आठवडाभर."

ते हसायचे तेव्हा आवाज यायचा नाही. फक्त खिशातल्या पेन्सिली हलायच्या.

माझी दुपारची गिऱ्हाइकी दोन ते चार थंड असते. त्या वेळात मी तिकडे जाऊ लागलो. खुर्चीत बसलं की पाण्याचा आणि जुन्या खळीचा वास यायचा, साहेब एकेक ओळ सावकाश वाचायचे, "असें जाहलें, तसें जाहलें," आणि मला डुलकी लागायची. अर्धवट झोपेत मला वाटायचं की ही पानं वाळत नाहीत, परत ओली होत चालली आहेत, आता यातून माणसं उतरतील आणि काकूंना चहा मागतील. मी धंद्याचा माणूस. असं मला दुसरीकडे कुठे कधी झालेलं नाही.

चौथ्या दोरीवर हेमलेखा राहायची.

ती एका गोष्टीतली राजकन्या. तिचं पहिलं पान साहेबांना माझ्याही आधी कुठेतरी मिळालं होतं. पुढची पानं माझ्या पुठ्ठ्यांतून निघत गेली, कधी महिन्याला एक, कधी दोन. बहुतेक पुण्याच्या पेठेतला एकच बांधणीवाला असावा आणि त्याच्याकडे त्या वाया गेलेल्या पुस्तकाचा गठ्ठा असावा. गोष्ट अशी. प्रधानाने कट करून हेमलेखेला राज्याबाहेर घालवली. तिचा नवरा व्यापाराला गेला तो आलाच नाही. ती पुरुषाचा वेष घेऊन फिरत फिरत एका बंदरावर पोचली, हुशारीने तिथली न्यायाधीश झाली. आणि एके दिवशी तिच्यासमोर उभा केला गेला तो तिचाच नवरा, चोरीच्या आळावरून. तो तिला ओळखत नाही. दयेची भीक मागतो. सगळी सभा तिच्याकडे बघते. 'तेव्हां ती बोलिली कीं', आणि पान संपलं.

त्या 'कीं'च्या पुढे काही मिळेना.

"माफ केलं असेल," काकू म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, "का करावं पण माफ?" भाजी निवडताना त्या मध्येच थांबून गॅलरीकडे बघायच्या. साहेब दर पुठ्ठ्याच्या वेळी चौथी दोरी आधी रिकामी करून ठेवायचे.

आणि घाई होती. साहेबांचे डोळे चालले होते. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं की फार दिवस नाहीत. चाळीस वर्षं ज्या डोळ्यांनी केसाएवढी चूक पकडली, ते डोळे आता दोऱ्यांच्या कडेने चाचपडत जायचे. मायक्रोमीटरवरचे आकडे दिसेनासे झाले तेव्हा ते अंगठ्याने जाडी सांगू लागले. मी खरंखोटं करून बघितलं; चूक निघाली नाही. एकदाच म्हणाले, तेही चहाच्या कपाकडे बघत, "ते एक पान स्वतः वाचायला मिळालं पाहिजे, बशीरशेठ. नंतर अंधार झाला तरी चालेल."

मी शब्द दिला. मिळवून देतो म्हणालो. पेठेतली जुनी घरं पाडणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला सांगून ठेवलं. एका घरातून चार गोण्या पुठ्ठे आले, त्याच बांधणीचे, तेच निळं कापड. मी ते दुकानात मागच्या बाजूला रचून ठेवले.

त्याच आठवड्यात ती पुस्तिका हातात पडली.

पुण्याहून कुणी प्राध्यापक मध्यंतरी येऊन गॅलरीतल्या पानांचे फोटो काढून गेले होते. त्यांनी कुठेतरी प्रदर्शन मांडलं आणि छोटी पुस्तिका काढली. साहेबांच्या टेबलावर ती होती. त्यांचं नाव त्यात तीनदा. काकूंच्या चहाचाही उल्लेख. आणि एका ओळीत: 'ही पाने कासारवाडीतील एका भंगारवाल्याकडून प्राप्त झाली.'

एका.

मी ती ओळ दोनदा वाचली. पुस्तिका साहेबांपुढे धरली.

"साहेब, हे वाचलंत?"

"वाचलं. भिंग लावून वाचलं."

"आणि पास केलंत?"

त्यांनी माझ्या हातातून पुस्तिका घेतली.

"तुम्हीच मला सांगितलंत ना? त्या काळी पुस्तकाच्या शेवटी सगळ्यांची नावं यायची. करवून घेणाऱ्याचं, छापखानेवाल्याचं. दगडावर अक्षर लिहिणाऱ्याचंसुद्धा! दगडावर लिहिणाऱ्याला नाव होतं, आणि मी एक भंगारवाला?"

"पुस्तिका मी लिहिली नाही, बशीरशेठ."

"तपासनीस आहात ना तुम्ही? चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात!"

काकू मध्ये पडल्या. "भाऊ, बसा. पाणी घ्या."

"नको काकू."

साहेब शांतपणे म्हणाले, "एवढं काय चिडायचं त्यात?"

तेवढं ते म्हणायला नको होतं. आजही माझं मत तेच आहे. ज्याचं नाव आयुष्यात कधी पुसलं गेलं नाही, त्यालाच असं म्हणता येतं. मी जिना उतरलो, दुकानात आलो, आणि त्या चार गोण्या समोर दिसल्या. मिलचा टेम्पो दारात उभाच होता. मी ड्रायव्हरला म्हणालो, "हेही घे."

"हे ठेवायचंय म्हणाला होतात ना शेठ?"

"घे म्हणतो ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती त्या गोण्यांच्या आठवणीनेच. चहा न घेता स्कूटर काढली. नाशिक फाट्यावर ट्रक, भोसरीत ट्रक, मोशीत ट्रक. चाकणला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मिलचा मुकादम मला ओळखतो.

"कालचा माल?" तो म्हणाला. "तो पहिल्या पाळीलाच टाकला. काय झालं, काही राहिलं होतं का त्यात?"

त्याने मला हौदापाशी नेलं. मोठा गोल हौद, त्यात तपकिरी लगदा गरागरा फिरत होता. मी कठड्याला धरून उभा राहिलो. साहेब घमेल्यात करायचे तेच पाणी आणि तोच कागद. फक्त इथे कुणी नखाने पदर सोडवत नव्हतं. हेमलेखा काय म्हणाली असेल ते त्यात फिरत होतं. मुकादम दोनदा काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही.

परत निघताना गेटजवळ, वजनकाट्याच्या कडेला, एक पुठ्ठा पडलेला दिसला. निळं कापड. टेम्पोतून गळला असावा. मी तो शर्टच्या आत घातला.

तरी लगेच गेलो नाही. माझा स्वभाव. चूक माझी होती, हे मला कळत होतं. राग खरा होता, हेही कळत होतं. दोन्ही घेऊन कुठल्या तोंडाने जायचं ते कळत नव्हतं. असे महिने गेले. शेवटी काकूच दुकानात आल्या. एकट्या, रिक्षाने.

"भाऊ, ते रोज दुपारी पाणी कोमट करून ठेवतात," त्या म्हणाल्या, एवढंच, आणि निघाल्या.

मी पुठ्ठा घेऊन त्याच दुपारी गेलो. साहेब गॅलरीत खुर्चीवर बसले होते. चारही दोऱ्या रिकाम्या. मी दारात उभा राहिलो तरी त्यांची मान वळली नाही, तेव्हा कळलं.

"कोण?"

"भंगारवाला."

पेन्सिली हलल्या. "या. उशीर केलात. आता उजेड आणि सावली एवढंच दिसतं."

मी सगळं सांगितलं. चार गोण्या, हौद, सगळं. लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. हाताने चाचपून घमेलं पुढे ओढलं. मग म्हणाले, "एक उरलाय ना? घाला पाण्यात."

पदर मीच सोडवले. पहिला पंचांगाचा. दुसरा कुठल्यातरी उजळणीचा, पाढे. मी वाचून सांगत होतो, ते मान हलवत होते. तिसरा, शेवटचा, सुटून आला आणि मी बघितलं. कोरा होता. दोन्ही बाजूंनी कोरा.

"बघू," साहेबांनी हात पुढे केला. मी तो कागद त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला, वरून खाली, सावकाश, कंपनीत एखादा भाग तपासावा तसा. मग कागद परत माझ्याकडे धरला.

"तीच आहे का? वाचा."

काकू माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात लाखदा खोटं बोललोय, पण ते भावासाठी.

"'तेव्हां ती बोलिली कीं,'" मी म्हणालो. "'तुजला सोडीन, परंतु फुकट सोडणार नाहीं. आधीं सांग, तुझी बायको कोण, तिचें नांव काय. तें तूं या सभेंत मोठ्यानें घेतलें पाहिजे.'"

"मग?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी खरा होता.

"'तो म्हणाला, महाराज, नांवाचें काय घेऊन बसलांत, मला चाबकाचे चार फटके द्या आणि सोडा. ती म्हणाली, फटके नकोत. नांव. तो म्हणाला, आठ फटके. ती म्हणाली, नांव. असा दिवस मावळेपर्यंत सौदा चालला. शेवटीं त्यानें तिचें नांव घेतलें, हेमलेखा. तेव्हां तिनें डोईचें पागोटें काढिलें.'"

मी थांबलो. मला पुढचं सुचत नव्हतं, आणि पुढचं लागतही नव्हतं. काकूंनी पदराने डोळे टिपले.

साहेबांनी उन्हाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "बशीरशेठ, त्या काळची नायिका घासाघीस करत नाही. ती मूर्च्छा येऊन पडते."

"ही नाही पडली साहेब."

"नाही पडली." त्यांनी मान हलवली. "पास."

मी उठलो. तेव्हा ते म्हणाले, "शेवटचं पान म्हणजे खाली लिहिणाऱ्याचं नाव असणार. आहे?"

मी कोऱ्या कागदाच्या तळाकडे बघितलं. इतके दिवस ज्यासाठी जळत होतो ते त्यांनी असं सहज समोर ठेवलं होतं, आणि माझ्या तोंडातून ते निघेना.

"पुसट आहे," मी म्हणालो.

त्यांनी खिशातली एक पेन्सिल काढून माझ्या दिशेने धरली. "ओल्यावर लिहू नका, फाटेल. वाळलं की ठळक करा."

साहेब गेले त्याला आता दोन वर्षं झाली. त्या पुस्तिकेत अजून 'एका' असंच आहे, आणि तो राग मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. पेन्सिल गल्ल्याशेजारी आहे. साहेब म्हटलं की मला दिसतं ते त्या दिवशी जिना उतरून मी रस्त्यावरून वर बघितलं तेव्हाचं. काकू चौथ्या दोरीवर ते पान चिमट्याने लावत होत्या. साहेबांनी दोरीचं टोक दोन बोटांत धरलं होतं, पान वाऱ्याने हललं की कळावं म्हणून. मेट्रो गेली, पान थरथरलं, आणि त्यांनी मान कलती केली, कुणी पुढची ओळ वाचून दाखवत असावं तशी.